सुट्टीचा साईन थीटा

थंड देशातले लोक सुट्टीत परदेशी कुठे जातात? हा प्रश्न मेसमध्ये कुणालाही विचारून बघा. "जिथे ऊन असेल तिथे. त्यात विचारायचं काय?" असं उत्तर हातातला घास न थांबवता मिळेल. उत्तर चूक नाही. पण आपल्या भाषेत सांगायचं तर हे फक्त फायनल आन्सर झालं, स्टेप्स दाखवल्याच नाहीत, म्हणजे मार्क अर्धेच! ऊन काय, जगात पुष्कळ आहे. सहारात आहे, सोलापुरात आहे. मग स्वीडनची माणसं १९५७ पासून आफ्रिकेजवळच्या एका खडकाळ स्पॅनिश बेटावरच का जात राहिली? आणि नंतर थायलंडच्या एका ठराविक किनाऱ्यावरच का गर्दी करू लागली?

मित्रांनो, या स्टेप्स मला फार इंटरेस्टिंग वाटल्या म्हणून हा लेख. उदाहरण म्हणून आपण स्वीडन घेऊ. नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड हे शेजारी मध्येमध्ये डोकावतील, कारण या चौघांची गोष्ट बरीचशी सारखीच आहे.

थंडी हा खरा प्रॉब्लेम नाही

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. स्वीडिश माणूस थंडीला कंटाळून पळतो, असं आपल्याला वाटतं. पण थंडीचा प्रश्न त्यांच्या इंजिनिअर्सनी कधीच सोडवलाय. खिडक्यांना दोन-तीन काचा, भिंतीत जाड इन्सुलेशन आणि शहरभर जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप. एका मोठ्या केंद्रात पाणी तापवायचं आणि ते घराघरांत फिरवायचं, याला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात. बाहेर उणे दहा असलं तरी आत साधारण २० ते २१ अंश असतं. जानेवारीत स्टॉकहोमच्या घरात बसलेला माणूस टी-शर्टवर असतो. आपण नाशिकच्या डिसेंबरमध्ये हॉस्टेलवर जास्त कुडकुडत असू.

जे सोडवता आलेलं नाही ते म्हणजे उजेड. स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी तीन वाजायच्या आधी मावळतो. सहा तासांचा दिवस, तोही बहुतेक वेळा ढगाळ. माणूस अंधारात ऑफिसला जातो आणि अंधारातच घरी येतो. अगदी उत्तरेला किरुना नावाचं खाणीचं गाव आहे. तिथे तर डिसेंबरमध्ये काही आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही.

याचा मनावर परिणाम होतो, हे आता डॉक्टरही मान्य करतात. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यावरचा एक उपाय म्हणजे रोज सकाळी काही वेळ १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायचं. आपल्या अभ्यासाच्या खोलीतला उजेड ३०० ते ५०० लक्स असतो, यावरून कल्पना करा. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या उमेओ शहरात तिथल्या वीज कंपनीने काही बसस्टॉपमध्ये असे दिवे लावले होते. बसची वाट बघता बघता उजेडाचा डोस! आणि सूर्यापासून मिळणारं ड जीवनसत्त्व हिवाळ्यात मिळत नाही, म्हणून दुधात ते मिसळणं कायद्याने बंधनकारक आहे.

हे सगळं वाचून हसू नका. आपल्यातले काही जण पुढे एमएस करायला तिकडे जातील. युनिव्हर्सिटीच्या ब्रोशरमध्ये फोटो जूनचे असतात, हिरवळीवर बसून हसणारी मुलं वगैरे. नोव्हेंबरचा फोटो कोणी छापत नाही. तेव्हा बॅग भरताना जाड जॅकेटबरोबर या अंधाराचीही तयारी करून जा.

थोडा हिशेब

आता आपलं आवडतं ट्रिगोनोमेट्री. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य किती उंचीवर येतो हे काढायचं सूत्र सोपं आहे. ९० मधून गावाचा अक्षांश वजा करा, मग आणखी २३.४ वजा करा.

स्टॉकहोम: ९० वजा ५९.३ वजा २३.४, म्हणजे सुमारे ७ अंश. मूठ बंद करून हात लांब केला तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून एक मूठही वर येत नाही. समोर चार मजली इमारत असली की संपलं.

ग्रान कनारिया, २८ अंश अक्षांश: सुमारे ३९ अंश. थायलंडचा खाओ लाक किनारा, साडेआठ अंश अक्षांश: ५८ अंश. आणि आपला गोवा, साडेपंधरा अंश: ५१ अंश.

सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर किती ऊन पडतं ते या कोनाच्या साईनवर ठरतं. साईन ७.३ म्हणजे ०.१३, साईन ३९ म्हणजे ०.६३ आणि साईन ५८ म्हणजे ०.८५. नुसत्या कोनामुळेच कनारियात स्टॉकहोमच्या जवळजवळ पाचपट आणि खाओ लाकला साडेसहापट ऊन. शिवाय तिरपे किरण वातावरणातून जास्त अंतर कापत येतात. सूर्य डोक्यावर असताना ते जेवढी हवा ओलांडतात, त्याच्या साडेसात पट हवा स्टॉकहोमला ओलांडावी लागते. त्यात अल्ट्राव्हायोलेट भाग जवळपास गाळलाच जातो. म्हणून तिथे डिसेंबरात अंगावर ऊन पडलं तरी त्वचेला ड जीवनसत्त्व बनवता येत नाही.

माणूस ही कमतरता भरून काढायला काय काय करतो याचं सगळ्यात भारी उदाहरण नॉर्वेत आहे. ऱ्युकान हे गाव इतक्या खोल दरीत आहे की सप्टेंबर ते मार्च तिथे थेट ऊन येतच नाही. कारखान्यामुळे वसलेलं गाव. १९२८ मध्ये तिथल्या कंपनीने लोकांना डोंगरावर नेऊन ऊन दाखवण्यासाठी चक्क एक रोपवे बांधला. आणि २०१३ मध्ये डोंगराच्या वर तीन मोठे आरसे बसवले गेले. कॉम्प्युटरच्या मदतीने ते सूर्याबरोबर फिरतात आणि गावातल्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. लोक त्या तुकड्यात उभे राहतात.

ऱ्युकानचा रोपवे आणि स्टॉकहोमहून कनारियाला जाणारं विमान ही एकाच मशीनची लहानमोठी मॉडेल्स आहेत, असं मला वाटतं. दोन्हीचं काम एकच, माणसाला उचलून उन्हात ठेवायचं. पण मोठं मॉडेल चालायला आणखी तीन गोष्टी लागल्या: रजा, विमान आणि योग्य जागा.

रजेचा कायदा

स्वीडिश भाषेत रजेला काय म्हणतात माहितीये? 'सेमेस्टर'! आपल्याला ज्या शब्दाने घाम फुटतो, त्या शब्दाने तिकडच्या माणसाचा चेहरा खुलतो. असो.

१९३८ मध्ये स्वीडनमध्ये कायदा झाला की प्रत्येक कामगाराला वर्षाला २ आठवडे भरपगारी रजा मिळालीच पाहिजे. १९५१ मध्ये ते ३ आठवडे झाले, १९६३ मध्ये ४ आणि १९७८ मध्ये ५. उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, चार आठवडे सलग घेण्याचा हक्क आहे. जुलैमध्ये देश अर्धा बंदच असतो. तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे बरेच जण आपापल्या गावाकडच्या लाकडी घरात किंवा बोटीवर राहतात. ग्रीस, स्पेनला जाणारेही असतात, पण तेव्हा उन्हाची एवढी हाव नसते. उरतो तो पाचवा आठवडा. तो साठवून पुढच्या वर्षीही नेता येतो. हिवाळ्यातला प्रवास त्या आठवड्यावर उभा आहे.

शाळांचंही तसंच. फेब्रुवारीच्या सुमारास तिथे एक आठवड्याची सुट्टी असते, तिला 'स्पोर्टलोव्ह' म्हणजे खेळाची सुट्टी म्हणतात. तिचा उगम खेळात नाहीच. १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात, शाळा तापवायचं इंधन वाचावं म्हणून शाळा आठवडाभर बंद ठेवल्या होत्या. युद्ध संपलं, सुट्टी राहिली. आज काही कुटुंबं त्या आठवड्यात स्कीइंगला जातात आणि काही विमानतळावर दिसतात.

पाद्रीबाबा आणि चार्टर

रजा मिळाली, पण साध्या कामगाराला विमान परवडणार कसं? इथे एक मजेशीर माणूस येतो. डेन्मार्कमधल्या त्येरेबोर्ग या खेड्यातले पाद्री आयलिफ क्रोगागर. १९५० मध्ये त्यांनी गावकऱ्यांना बसमध्ये भरून स्पेनला नेलं. ट्रिप इतकी जमली की पुढे खेड्याच्याच नावाची ट्रॅव्हल कंपनी झाली आणि १९६२ मध्ये त्यांनी स्टर्लिंग नावाची विमान कंपनीही काढली. चर्चमधून थेट एअरलाइन! कॅम्पस प्लेसमेंटची वाट बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

चार्टरचं गणित समजून घेण्यासारखं आहे. रोजच्या शेड्यूल्ड विमानात काही सीट नेहमी रिकाम्या जातात. त्यांचा खर्च बाकीच्या प्रवाशांच्या तिकिटावर पडतो. चार्टरमध्ये ट्रॅव्हल कंपनी अख्खं विमान भाड्याने घेते. दर शनिवारी ते नवी बॅच घेऊन बेटावर जातं आणि मागच्या शनिवारची बॅच घेऊन परत येतं. समजा एका सीझनमध्ये २० बॅचेस आहेत. पहिल्या बॅचला सोडून विमान रिकामं परत येतं आणि शेवटच्या बॅचला आणायला रिकामं जातं. एकूण ४२ खेपांपैकी फक्त २ रिकाम्या, बाकी ४० भरलेल्या. म्हणजे ९५ टक्के. तिकीट स्वस्त होणारच.

यात सरकारी नियमांचाही हात होता. नियमित विमान कंपन्यांचं गिऱ्हाईक पळू नये म्हणून चार्टरचं नुसतं तिकीट विकायला बंदी होती, सोबत राहण्याची सोय विकावी लागे. यातूनच विमान, हॉटेल आणि तिथे स्वागताला उभा असलेला आपली भाषा बोलणारा गाइड असं पॅकेज तयार झालं. आज आपल्याला जे कंपन्यांचं डोकं वाटतं, त्यातला बराच भाग नियमातून वाट काढण्याचा होता.

बेट कसं सापडलं

१९५७ च्या ख्रिसमसला ट्रान्सएअर या स्वीडिश कंपनीचं विमान ५४ प्रवाशांना घेऊन ग्रान कनारियात उतरलं. बेटावरच्या चार्टर पर्यटनाची सुरुवात याच विमानापासून धरतात. बेट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, पण सत्ता स्पेनची. १९५९ मध्ये स्पेनने आपल्या पेसेटाचा भाव डॉलरमागे ४२ वरून ६० वर आणला. म्हणजे परदेशी माणसाला स्पेन एका झटक्यात स्वस्त झाला.

पण सगळ्यात मोठी गोष्ट भूगोलाची. सहाराच्या अक्षांशावर असूनही तिथे भाजत नाही, कारण बेटाभोवती थंड समुद्रप्रवाह वाहतो. जानेवारीत दुपारी २० ते २१ अंश. शिवाय बेटाच्या मध्यभागी १,९०० मीटरहून उंच डोंगर आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे ढग आणतात ते उत्तरेच्या बाजूला अडकतात आणि दक्षिण किनारा कोरडा, निरभ्र राहतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पलीकडे वाईच्या पुढे तो ओसरत जातो, तोच हा पर्जन्यछायेचा प्रकार.

या दक्षिण भागात तेव्हा होते काय? टोमॅटोची शेतं आणि वाळूच्या टेकड्या. जमीन एका सरदार घराण्याच्या मालकीची. १९६१ मध्ये जमिनीच्या मालकाने तिथे नवं पर्यटन-शहर कसं वसवावं यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि ती एका फ्रेंच गटाने जिंकली. त्यातून मास्पालोमास उभं राहिलं. मग जेट विमानं आली आणि स्टॉकहोमपासूनचं ४,३०० किलोमीटर अंतर सहा तासांवर आलं. घड्याळ फक्त एक तास मागे, म्हणजे झोपेचाही घोळ नाही.

एकदा लोक जायला लागले की मागोमाग त्यांचं गावही जातं. ग्रान कनारियातल्या अर्गिनेगिन गावात नॉर्वेजियन शाळा आणि नॉर्वेजियन चर्च आहे. शेजारी सान अगुस्तिनला स्वीडिश शाळा आहे. स्पेनच्या मुख्य भूमीवर फुएंगिरोला गावात फिनिश लोकांची इतकी वस्ती आहे की तिथे फिनिश शाळा चालते. ज्या ठिकाणी आपली भाषा चालते, आपली कॉफी मिळते आणि आजारी पडलं तर कुणीतरी समजून घेतं, तिथे म्हातारी माणसंही बिनधास्त जातात. मग पुढच्या पिढीला ते ठिकाण परदेश वाटतच नाही. कोकणातल्या माणसाला गिरगाव जसं परकं वाटलं नाही, तसंच काहीसं.

थायलंड, आणि २६ डिसेंबर

१९९० च्या दशकात विमानं आणखी लांब पल्ल्याची झाली आणि थायलंड आवाक्यात आलं. फुकेत, क्राबी, को लांता, खाओ लाक ही नावं स्वीडनमध्ये घरोघरी पोचली. अंतर दुप्पट, ८,७०० किलोमीटर. पण तिथे गेल्यावर जेवणखाण स्वस्त, समुद्र कोमट, आणि आधीपासून व्हिसा काढायची कटकट नाही. हवामानही नेमकं हवं तसं. थायलंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर आपल्यासारखाच नैर्ऋत्य मान्सून येतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोरडे जातात. म्हणजे स्वीडनमध्ये अंधार सुरू झाला की इथे आकाश उघडतं. खाओ लाकला खास करून लहान मुलं असलेली कुटुंबं जात, कारण किनारा शांत, उथळ आणि बंगले थेट वाळूला लागून.

२६ डिसेंबर २००४ ला सकाळी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. साधारण दोन तासांनी लाट खाओ लाकला पोचली. त्या दोन तासांत किनाऱ्यावरच्या कुणालाही काही कळलं नाही, कारण हिंदी महासागरात त्सुनामीची सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. आपल्याकडे हैदराबादला असं केंद्र सुरू झालं ते २००७ मध्ये.

सर्व देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसं गेली, त्यात सर्वात जास्त इंडोनेशियातली. भारतात १०,००० हून जास्त. या आकड्यांपुढे स्वीडनचा ५४३ हा आकडा लहान दिसतो. पण तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती ९० लाख. आपल्या तेव्हाच्या ११० कोटींच्या हिशेबाने ते ६६ हजार होतील. फिनलंडचे १७९ गेले. भूकंप होतो आठ-नऊ हजार किलोमीटरवर आणि शोककळा पसरते बर्फातल्या गावांवर, असं पूर्वी कधी झालं नसेल. थायलंडमध्ये गेलेल्या पाच हजारांवर माणसांत जवळपास निम्मे परदेशी होते.

त्यानंतर स्वीडनमध्ये जो प्रश्न उठला तो मला या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाचा वाटतो. इतकी माणसं एकाच किनाऱ्यावर आहेत, हे सरकारला माहीतच नव्हतं. याद्या होत्या ट्रॅव्हल कंपन्यांकडे. फिनलंडमध्ये तर डायव्हिंगच्या छंदातून चालवलेल्या एका वेबसाइटने वाचलेल्यांची नावं सरकारच्या आधी छापायला सुरुवात केली. स्वीडनने चौकशी आयोग नेमला आणि २००५ च्या अहवालात त्याने सरकारच्या संथपणावर आणि पंतप्रधान योरान पेर्शोन यांच्यावरही थेट टीका केली. रजेचा कायदा करणाऱ्या सरकारने माणसं कधी सुट्टीवर जातील हे ठरवलं होतं. ती कुठे आहेत आणि संकटात त्यांना कोण आणणार, ही बाजू कुणी डिझाइनच केली नव्हती. सिस्टिम चांगली चालते तेव्हा तिचा लोड दिसत नाही, फेल झाली की दिसतो.

लोक थांबले का? नाही. पुढच्या काही हिवाळ्यांतच ते परत जायला लागले, खाओ लाकलाही. काही जण आपल्या माणसांच्या आठवणीसाठी तिथे जातात. आणि अंधार दर नोव्हेंबरला येतोच.

बिल कोण भरतं?

हे झालं प्रवाशांचं. आता यजमानांकडे बघू. कॅनरी बेटांची लोकसंख्या सुमारे २२ लाख. २०२४ मध्ये तिथे पावणेदोन कोटींच्या वर पर्यटक आले. त्यात सर्वाधिक ब्रिटिश आणि जर्मन, नॉर्डिक लोक त्यामानाने कमी. पण रस्ता दाखवणाऱ्यांत ते होते. ज्या कोरड्या किनाऱ्यामुळे पर्यटक येतात, त्याच कोरडेपणामुळे तिथे पाणी नाही. समुद्राचं पाणी रिव्हर्स ऑस्मोसिसने गोडं करावं लागतं, आणि एका घनमीटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज जाते. बेटांवरची वीज अजून बरीचशी तेलावर बनते. म्हणजे शॉवरखाली जास्त वेळ उभं राहणं म्हणजे थोडं डिझेल जाळणंच. शिवाय घरं पर्यटकांना भाड्याने दिली जातात आणि हॉटेलात काम करणाऱ्या स्थानिक मुलांना राहायला खोली मिळत नाही. २० एप्रिल २०२४ ला सर्व बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. 'कॅनरी बेटांना मर्यादा आहे' हे त्यांचं घोषवाक्य. पर्यटक नकोत असं बहुतेकांचं म्हणणं नव्हतं. किती हवेत हे आम्हालाही ठरवू द्या, एवढंच.

विमानाचा हिशेबही करून टाकू. भरलेलं आधुनिक विमान एका प्रवाशामागे दर १०० किलोमीटरला अंदाजे ३ लिटर इंधन घेतं. एक लिटर जळलं की अडीच किलो कार्बन डायऑक्साइड. स्टॉकहोम ते फुकेत जाऊन-येऊन १७,४०० किलोमीटर, म्हणजे ५२० लिटर, म्हणजे माणशी १.३ टन. कनारियाला याच्या निम्मं, साडेसहाशे किलो. स्वीडिश लोकांना हे आकडे टोचायला लागले आणि २०१८ च्या सुमारास 'फ्लिग्स्काम' हा शब्द गाजला. फ्लिग म्हणजे उड्डाण, स्काम म्हणजे लाज. ग्रेटा थुनबर्गचं शाळेबाहेरचं आंदोलन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालं. एप्रिल २०१८ मध्ये विमानप्रवासावर करही बसला. २०१९ मध्ये स्वीडनच्या प्रमुख विमानतळांवरचे प्रवासी ४ टक्क्यांनी घटले. पण जुलै २०२५ मध्ये तो कर रद्दही झाला. लाज एकीकडे आणि साईन थीटा दुसरीकडे, अशी ती ओढाताण आहे. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. पण सात अंशांवरचा सूर्य आपण कधी बघितलेला नाही.

आणि आपण?

या नकाशात गोवाही आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून दाबोळीला युरोपातून चार्टर विमानं येऊ लागली. पुढे रशियन मोठ्या संख्येने आले, फिनलंडहूनही हिवाळ्यात विमानं आली. ५१ अंशांचा सूर्य, कोरडा डिसेंबर, स्वस्त जेवण, सगळं थायलंडसारखंच. फरक एवढाच की भारतात यायला आधी व्हिसा लागतो. नुसत्या एका फॉर्मने बॅचेस दुसऱ्या किनाऱ्याकडे वळू शकतात, हे आतापर्यंतच्या स्टेप्स वाचल्यावर पटेल.

थोडक्यात काय, तर "कुठे जायचं" हा प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरात, आपल्या आवडीने घेतलेला निर्णय दिसतो. पण त्याच्या मागे अक्षांश आहे, १९७८ चा पाचवा आठवडा आहे, शनिवारचं विमान आहे, पेसेटाचा भाव आहे आणि वारा अडवणारा एक डोंगर आहे. यातलं एक जरी बदललं असतं तर ती शाळा अर्गिनेगिनला निघाली नसती. आपल्यातले काही जण उद्या विमानं, पाण्याचे प्लांट आणि वॉर्निंग सिस्टिम बनवणार आहेत. म्हणजे माणसं कुठे जातील, आणि तिथे सुरक्षित राहतील की नाही, हे थोडंफार आपल्याही हातात येणार आहे.

आणि हो, पुढच्या वेळी गोव्याच्या ट्रिपमध्ये आपण सावली शोधत असताना भर दुपारी वाळूत पडलेला एखादा लालबुंद गोरा दिसला तर त्याच्याकडे बघून खिदळू नका. त्याच्या गावी आत्ता अजून उजाडलंही नसेल.